सहा ओळींचा फेरफटका

कवितेचं रसग्रहण होतं, कथेचं होतं, कधीमधी चित्रपटाचंही होतं. परक्या भाषेच्या पहिल्या पुस्तकातल्या संवादाचं मात्र कुणी करत नाही आणि त्यात नवल नाही. 'हे काय आहे?' 'ही खिडकी आहे.' असल्या बोलण्यातून रस काढणार तरी किती? पण स्लोवाक भाषेत दोन माणसं फिरायला जाण्याविषयी बोलू लागली की ते बोलणं थांबून ऐकावंसं वाटतं. कारण त्या भाषेचं जवळजवळ सगळं व्याकरण तिथं हजेरी लावून जातं, तेही आरडाओरडा न करता. एक छोटा संवाद घेऊ. तो मीच जुळवलेला आहे, पण कुठल्याही प्राथमिक पाठात खपून जाईल. ब्रातिस्लाव्हातल्या एका इमारतीच्या जिन्यात दोन मैत्रिणी भेटतात.

– काम इद्येश?
– इद्येम सा प्रेय्स्त्य.
– काम?
– लेन ताक, पो मेस्त्ये.
– मुओझेम ईस्त्य स त्येबोउ?
– पोद्य.

मराठीत सांगायचं तर: कुठं निघालीस? जरा फिरून येते. कुठं? असंच, गावातून. मी येऊ तुझ्याबरोबर? चल.

त्यातलं काम आणि ताक मराठी डोळ्यांनी वाचू नये, एवढीच सूचना. बाकी उच्चारांच्या बाबतीत मराठी माणूस सुदैवी आहे. स्लोवाक वर्णमालेत ४६ अक्षरं आहेत. त्यांतली काही पाहून इंग्रजीवर वाढलेले विद्यार्थी घाबरतात. आपल्याकडे मात्र 'चाक'मधला च वेगळा आणि 'चहा'मधला च वेगळा, 'जागा'मधला ज वेगळा आणि 'जीव'मधला ज वेगळा. लिहिताना आपण हा भेद दाखवत नाही, बोलताना चुकत नाही. स्लोवाक लोक या चारही ध्वनींसाठी वेगवेगळी अक्षरं वापरतात. 'फेरफटका' या अर्थाचं त्यांचं नाम 'प्रेखाऽत्स्का' असं ऐकू येतं (ऽ या खुणेनं मी लांबवलेला स्वर दाखवते आहे). लिहिताना त्यात 'जागा'मधला ज असतो, पण पुढं लगेच क आल्यामुळे तो अघोष होतो आणि 'चाक'मधल्या चसारखा वाजतो. याच कुळातल्या क्रियापदात तो पुन्हा प्रकट होतो: 'प्रेखाऽजात्य सा', म्हणजे फिरत राहणं. पुस्तकात असल्या गोष्टींना एका ओळीची टीप मिळते, तिच्याकडे कुणी बघत नाही.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. 'काम' म्हणजे 'कुणीकडे'. असलेल्या जागेविषयी विचारायचं तर शब्द बदलतो, तिथं 'ग्द्ये' लागतो. आपलं 'कुठं' दोन्ही कामं एकट्यानं करतं. 'कुणीकडे' हाताशी असूनही आपण तो फारसा काढत नाही. स्लोवाकमध्ये मात्र स्थान आणि दिशा यांचा सौदा पहिल्याच शब्दात पक्का होतो. आणखी एक फरक मराठी कानाला लगेच टोचतो. निघालेल्या माणसाला 'कुठं चाललास?' असं तोंडावर विचारू नये, हे आपल्याकडे अजूनही अनेक घरांत मानलं जातं. निघणारासुद्धा 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. जिन्यातल्या स्लोवाक मैत्रिणीला असला संकोच नाही. ती सरळ विचारते आणि दुसरी सरळ 'इद्येम' म्हणते: जाते. गंमत अशी, की आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर तीच मुलगी 'उश इद्येम' असं ओरडेल, आणि त्याचा अर्थ 'आले, आले!' आपण जाताना येते म्हणतो. ते येताना जाते म्हणतात.

आता दुसरी ओळ. या संवादाचा जीव तिच्यात आहे आणि तिचा जीव 'सा' या दोन अक्षरी शब्दात. ('दोन अक्षरी' त्यांच्या लिपीत, आपल्याकडे एकच.) 'प्रेय्स्त्य' या क्रियापदाचा अर्थ पार जाणं, ओलांडणं. पूल ओलांडायचा, रस्ता पार करायचा, तर हेच क्रियापद. त्याला कर्म लागतं, पलीकडची बाजू लागते. त्याच्याजवळ 'सा' ठेवला की पूलही गेला आणि पलीकडची बाजूही गेली. उरतो फक्त चालणारा. व्याकरणकार 'सा'ला आत्मवाचक म्हणतील आणि 'स्वतःला' असा अर्थ देतील. तो बरोबर आहे, पण कोरडा आहे. मला विचाराल तर मराठीत त्याच्या सर्वांत जवळ बसतो तो आपला 'आपली'. 'मी आपली जरा फिरून येते' या वाक्यातला 'आपली' कुणाच्या मालकीचा नाही, त्याचा नेमका अर्थ सांगता येत नाही आणि तो काढला तर वाक्य एकदम कामाचं होऊन बसतं. कुणाला त्रास नाही, कशाचा आग्रह नाही, माझं मी बघते, एवढं सगळं तो सांगतो. 'इद्येम सा प्रेय्स्त्य'मधला 'सा' नेमका तसाच वागतो.

या 'सा'ला वाक्यात आपली जागा ठरवून दिलेली आहे: दुसरी. तो वाक्याच्या तोंडाशी उभा राहत नाही. पुढं कुणीतरी एक लागतंच. 'काल आम्ही फिरत होतो' याचं स्लोवाक 'फ्चेरा स्मे सा प्रेखाऽजालि'. काल आधी, मग 'आम्ही होतो' सांगणारा 'स्मे', मग 'सा' आणि खरं क्रियापद सर्वांत मागं. 'मला जरा फिरून यायला आवडेल' असं एखादी बाई म्हणेल तेव्हा रांग आणखी लांबते: 'रादा बि सोम सा प्रेश्ला'. तीन चिमुकले शब्द एकामागोमाग, त्यांचा क्रम ठरलेला, त्यात फेरफार चालत नाही. विद्यार्थ्यांना हा नियम जाचतो. मला तो लयीचा नियम वाटतो. पहिल्या शब्दावर आघात, मागून हलक्या पावलांनी येणारे दोन-तीन अवयव, आणि मग क्रियापदाचं वजन. स्लोवाकमध्ये शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अवयवावर असल्यामुळे ही लय आणखी ठसठशीत होते.

'प्रेय्स्त्य सा' आणि 'प्रेखाऽजात्य सा' या जोडीवर थोडं थांबायला हवं. अनेक कोश दोहोंपुढं 'फिरणे' लिहून मोकळे होतात. हा आळस आहे. पहिल्यात फेरफटका पुरा होतो, दुसऱ्यात तो चालू असतो. मराठी वाचकाला हे समजावायला व्याख्येची गरज नाही. 'फिरून आले' आणि 'फिरत होते' एवढं पुरतं. 'प्रेश्ला सोम सा': फिरून आले, पाय मोकळे झाले, आता पुढचं बोला. 'प्रेखाऽजाला सोम सा': फिरत होते, आणि मग काय झालं ते ऐका. कथा सुरू करायची तर दुसरं रूप, बाईंनी कुठं गेली होतीस विचारलं तर पहिलं. आपण हा भेद 'येणे', 'टाकणे', 'बसणे' असल्या सहायक क्रियापदांनी साधतो, ते क्रियापदाचं अंगच बदलतात. आणि दोन्ही भाषांत भूतकाळाचा ल वाजतो, त्यालाच बोलणाऱ्याचं लिंग चिकटतं. पुरुष असता तर 'प्रेखाऽजाल सोम सा' म्हणाला असता. 'फिरले' आणि 'फिरलो' यांत वाढलेल्या माणसाला यात शिकण्यासारखं काहीच नाही. आदरार्थी बोलण्यातही तेच. वयस्कर शेजारीणबाईंना 'फिरायला गेला होतात का?' असं विचारताना स्लोवाक माणूस 'बोलि स्त्ये' हे अनेकवचन वापरतो आणि त्यात बाई-पुरुष भेद दिसेनासा होतो. आपलं 'तुम्ही गेला होतात' हेही तसंच आहे, फक्त आपलं लक्ष कधी गेलेलं नसतं.

मैत्रीण पुन्हा विचारते, 'काम?' हा दुसरा 'काम' पहिल्यासारखा नाही. पहिला औपचारिक होता, हा खरा आहे. आणि त्याला मिळालेलं उत्तर म्हणजे दिशा विचारणाऱ्या शब्दाला दिलेला गोड नकार: 'लेन ताक'. असंच. एवढ्या काटेकोर भाषेत, जिथं प्रत्येक नामाला सहापैकी एका विभक्तीत उभं राहावंच लागतं, तिथं हेतूशिवाय हिंडण्यासाठी राखीव जागा आहे हे मला फार आवडतं. पुढचं 'पो मेस्त्ये' त्याच सुरातलं. 'मेस्तो' म्हणजे शहर. 'दो मेस्ता' म्हटलं असतं तर ती शहरात कामाला निघाली असती. 'पो'मध्ये पोचण्याचा भाव नाही. शहराच्या अंगावरून, इकडून तिकडून, मन मानेल तसं. नदीकाठानं जायचं असतं तर 'पोप्रि दुनायि' म्हणाली असती, डॅन्यूबच्या कडेकडेनं. तो 'पोप्रि' उच्चारतानाच आपली द्विरुक्ती आठवते.

मराठी वाचकाला खास आनंद व्हावा अशी एक जागा मात्र या सहा ओळींत आलेली नाही, म्हणून ती बाहेरून आणते. शहराऐवजी रानातून जायचं असेल तर स्लोवाक माणूस कुठलंही अव्यय न लावता नुसतं 'इद्येम लेसोम' म्हणू शकतो. 'लेस' म्हणजे वन आणि 'ओम' हा तृतीयेचा प्रत्यय. सुरीनं कापतात तसं वनानं जातात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे नुसतं पाठ करावं लागतं, कारण साधन आणि वाट यांचा संबंध त्याला दिसत नाही. आपल्याला तो सांगावाच लागत नाही. 'या वाटेनं जा', 'आडरानानं गेला', 'बांधाबांधानं आलो' हे आपण रोज म्हणतो. तृतीया हे चालणाऱ्याचं साधन, आणि वाट हेच ते साधन! या एका प्रत्ययात दोन्ही भाषांनी वाटेकडे सारख्याच नजरेनं पाहिलं आहे. सोप्या कामाला स्लोवाकमध्ये 'गुलाबांच्या बागेतला फेरफटका' म्हणतात, बहुतेक वेळा नकारार्थी: हे काही तसं नाही बरं का, असं बजावताना. त्या वाक्प्रचारातली बागही तृतीयेतच आहे.

पाचवी ओळ विचारते, 'मी येऊ का तुझ्याबरोबर?' तिच्यातलं 'ईस्त्य' हे क्रियापद आत्ताच्या, या एका खेपेच्या जाण्याचं. नेहमीच्या जाण्याला दुसरं आहे: 'खोदित्य'. रोज सकाळी फिरायला जाणारा दुसरं वापरतो, आज सहज निघालेला पहिलं. मूल चालायला लागलं हेही दुसऱ्यानंच सांगतात. इथं जपून पाऊल टाकावं, कारण 'खोदित्य' हे क्रियापद एखाद्याच्या 'बरोबर' आलं की त्याचा अर्थ होतो प्रेमात असणं, एकमेकांचं असणं. आज तिच्याबरोबर फिरायला जातो आहे, हे सांगायचं असताना 'खोदित्य' निसटलं तर ऐकणारे लग्नाची तारीख विचारतील. एका दृष्टीनं हे समंजस आहे. आज एकदा बरोबर चालणं कुणाशीही होतं. रोज चालणं ही वेगळी गोष्ट.

या धातूचा पसारा कळायला शहराच्या पाट्या वाचाव्यात. आत जाण्याचं दार 'फ्खोत', बाहेर पडायचं 'वीऽखोत', आणि सूर्य वर येतो म्हणून पूर्व दिशाही तीच. पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडायची जागा 'प्रेखोत'. स्टेशनावर गाडी येते तो 'प्रीऽखोत', सुटते तो 'ओत्खोत'. दुकान 'ओप्खोत' आणि स्वच्छतागृह 'झाऽखोत'. लिहिताना या सगळ्यांच्या शेवटी द आहे, पण स्लोवाक लोक शब्दाच्या अखेरचा द अघोष करतात, म्हणून आपल्या कानाला गावभर खोतच खोत भेटतात. कोकणातल्या वाचकांनी बिचकू नये. इथल्या खोतांना सारा द्यावा लागत नाही. आणि चळवळीचा मोर्चा? तो 'पोखोत'. त्याच्याकडे पुढं यायचंच आहे.

शेवटची ओळ एका अवयवाची. 'पोद्य.' चल. जाण्याचं आज्ञार्थी रूप स्लोवाकमध्ये दुभंगलेलं आहे: 'खोद्य' म्हणजे जा, माझ्यापासून दूर, 'पोद्य' म्हणजे ये, माझ्याजवळ किंवा माझ्याबरोबर. 'हो, ये की, मला आनंद होईल' असं काही मैत्रीण म्हणत नाही. तसं म्हटलं असतं तर संवाद पडला असता. संवाद जुळवताना मला सर्वांत जास्त मोह तिथंच झाला होता, चार शब्द वाढवायचा. 'पोद्य'नं तो मोडला.

नामाबद्दल फक्त एक गोष्ट. छोटा फेरफटका 'क्राऽत्का प्रेखाऽत्स्का', लांबचा 'द्ल्हाऽ प्रेखाऽत्स्का'. स्लोवाकमध्ये लयीचा नियम म्हणूनच ओळखला जाणारा एक नियम आहे: दोन दीर्घ अवयव शेजारी शेजारी सहसा बसत नाहीत. 'क्राऽत्का'चा पहिला अवयव दीर्घ, म्हणून शेवटचा ऱ्हस्व होतो. 'द्ल्हाऽ'च्या पहिल्या अवयवात तर स्वरच नाही, 'ल्'वरच भागवलेलं, म्हणून शेवटी दीर्घ चालतो. ऱ्हस्व अर्थाचा शब्द दीर्घानं सुरू होतो आणि दीर्घ अर्थाचा शब्द स्वराशिवाय. यात काही तत्त्व शोधू नये. ऐकायला मजा येते, इतकंच.

रविवारच्या जेवणानंतरचा फेरफटका हा स्लोवाक घरांतला जुना रिवाज. त्यांचा रविवार 'न्येद्येल्या', म्हणजे मुळात काम न करण्याचा दिवस. आपल्या शतपावलीला पचनाचं निमित्त लागतं, सकाळच्या फेरीला डॉक्टरांचं. त्यांच्या रविवारच्या चालण्याला आठवड्याचा वारच पुरतो. आणि या रविवारच्या चालण्यानं स्लोवाक इतिहासात दोनदा मोठी कामं केली आहेत.

पहिलं २४ एप्रिल १८३६ रोजी. प्रेसबुर्गच्या, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाच्या, इव्हांजेलिकल लायसियममधले काही तरुण ल्युदोवीत श्टूरच्या पुढाकारानं द्येवीनच्या गडावर गेले. मोराव्हा नदी जिथं डॅन्यूबला मिळते तिथल्या कड्यावरचा हा गड. नेपोलियनच्या सैन्यानं १८०९ मध्ये सुरुंग लावून उडवलेला, त्यामुळे गेले ते भग्नावशेषांतच. तिथं त्यांनी राष्ट्राची सेवा करण्याच्या आणाभाका घेतल्या आणि एकेक स्लाव नाव धारण केलं. योझेफ हुर्बानच्या नावात 'मिलोस्लाव' आला तो तिथून. त्या दिवसाला स्लोवाक लोक 'विखाऽत्स्का' म्हणतात. आपल्या फेरफटक्याचाच सख्खा भाऊ, फक्त 'बाहेर'चा उपसर्ग लागलेला. गंमत अशी, की या मंडळींची लिहिण्याची भाषा तेव्हा स्लोवाक नव्हतीच. स्लोवाक प्रोटेस्टंट चेकमध्ये लिहीत. कॅथलिकांसाठी आन्तोन बेर्नोलाकनं १७८७ मध्ये पश्चिमेकडच्या बोलीवर बेतलेलं लेखन सुचवलं होतं. १८४३ च्या जुलैत ह्ल्बोके गावी हुर्बानच्या घरी श्टूर, हुर्बान आणि त्यांचा साथीदार होजा भेटले, मध्य स्लोवाकियातल्या बोलीवर नवी लेखनभाषा उभारायचा आराखडा तिथं आखला गेला, आणि १८४६ मध्ये श्टूरचं व्याकरण छापून आलं. आपल्या जिन्यातल्या मैत्रिणी बोलतात ती भाषा पुढच्या दुरुस्त्यांसह त्याच रस्त्यानं आलेली आहे. मधल्या काळात, १८४१ च्या ऑगस्टमध्ये, श्टूर मित्रांसह तात्रांमधलं क्रिव्हान्य शिखर चढला. आज ते शिखर स्लोवाकियाच्या एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांवर आहे. चालणाऱ्यांनी बांधलेल्या भाषेत चालण्याचे एवढे शब्द असले तर बिघडलं कुठं?

दुसरा रविवार १० डिसेंबर १९८९ चा. द्येवीनच्या पायथ्याशी मोराव्हाच्या कडेनं कम्युनिस्ट राजवटीत काटेरी तारा होत्या. नदीपलीकडे ऑस्ट्रिया, काठाकाठानं 'लेन ताक' हिंडायची सोय नव्हती. पलीकडे जाऊ पाहणारे कित्येक जण त्या सीमेवर मारले गेले, त्यांचं स्मारक आज गडाखाली आहे. नोव्हेंबरात राजवट डळमळली आणि त्या रविवारी ब्रातिस्लाव्हातून हजारो माणसं पायी हाइनबुर्ग या ऑस्ट्रियन गावाकडे निघाली. त्या मोर्चाचं नाव 'आहोय, एउरोपा', नमस्कार युरोप. शब्द 'पोखोत' असला तरी मला ती चाल प्रेखाऽत्स्केचीच वाटते: दुपारी निघावं, पलीकडचं गाव बघावं, संध्याकाळी घरी यावं. जे चाळीस वर्षं नाकारलं गेलं होतं ते नेमकं हेच साधं चालणं होतं.

ब्रातिस्लाव्हात नदीच्या उजव्या काठावर १७७० च्या दशकात आखलेली एक सार्वजनिक बाग आहे. मध्य युरोपातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक बागांत तिची गणना होते. तिला नाव आहे यान्को क्राल्य या कवीचं. श्टूरच्याच पिढीचा, भटक्या म्हणून ख्यात. बागेला भटक्याचं नाव देणारे लोक मला रसिक वाटतात.

हल्ली स्लोवाक शिकण्याची व्यावहारिक कारणंही आहेत. टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचा कारखाना न्यित्रा शहरात २०१८ पासून सुरू आहे, तेव्हा एखाद्या मराठी इंजिनिअरला ही भाषा कधी तरी कानांवर घ्यावी लागेल. त्यानं विभक्तींचे तक्ते मागून पाठ करावेत, आधी या सहा ओळी तोंडात बसवाव्यात. फक्त एक ध्यानात असू द्यावं. डोंगरवाटांवरच्या स्लोवाक पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नसतं, तासांत आणि मिनिटांत असतं, आणि ते तास त्यांच्या पायांचे असतात. तेव्हा शनिवारी एखादा स्लोवाक सहकारी 'काही नाही, छोटीशी प्रेखाऽत्स्का आहे' म्हणून तात्रांकडे बोलावू लागला, तर 'पोद्य' जरूर म्हणा, पण बूट चांगले घाला आणि पाण्याची बाटली भरून घ्या.